‘कमवा’ आणि ‘शिका’ यांमधला ‘व’

दरवर्षी २२ सप्टेंबरला आमच्याकडील महाविद्यालयांतून कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांची जयंती साजरी होते. प्रतिमेला हार घातला जातो, प्रमुख पाहुणे बोलतात, आणि ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलांना पुढच्या रांगेत बसविलेले असते. पाहुण्यांच्या भाषणात एक गरीब मुलगा हमखास येतो. तो अनवाणी असतो, रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचतो, सकाळी वर्ग झाडतो आणि शेवटी साहेब होतो. त्याची जात सांगितली जात नाही. त्याने झाडलेल्या वर्गात नंतर येऊन बसणारी मुले कोणाची होती, हेही सांगितले जात नाही. ह्या मुलाची गोष्ट मी पंधरावीस वर्षे ऐकतो आहे. आधी पुढच्या रांगेत बसून आणि आता व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवरून.

हे भाषणवाङ्मय आहे, आणि त्याला लागून चरित्रे, पाठ्यपुस्तकांतले धडे, गौरवग्रंथ असा मोठा पसारा आहे. मराठी समीक्षेने त्याच्याकडे वाङ्मय म्हणून कधी पाहिले नाही; ते ललित नाही, एवढे कारण तिला पुरले. पण खेड्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयात येणाऱ्या मुलाच्या कानावर कविता-कादंबरीच्या आधी हेच वाङ्मय पडते, आणि स्वतःच्या कष्टांकडे कोणत्या नजरेने पाहायचे हे तो त्यातूनच शिकतो. ह्या वाङ्मयाने ‘कष्ट’ हे मूल्य इतके उजळून ठेवले आहे की कोणते कष्ट, ते कोणी वाटून दिले, कोणाच्या वाट्याला आले आणि कोणत्या मोबदल्यावर, हे प्रश्न त्या झगमगाटात दिसेनासे झाले. दलित आत्मकथनांनी नेमके हेच प्रश्न विचारले आहेत. ही दोन वाङ्मये समोरासमोर ठेवून पाहावीत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

मी नसरापूरचा. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता चेलाडीच्या फाट्यावरून जातो. तिथून आत वळले की आमचे गाव आणि त्यापुढे वेल्ह्याचा डोंगरी मुलूख. ह्या रस्त्याच्या एका अंगाला विद्यापीठाचे पुणे, दुसऱ्या अंगाला भाऊरावांचे सातारा. रस्ता जुना आहे. आमच्या वस्तीतील माणसे त्याच्यावर खडी फोडायला फार पूर्वीपासून जात होती. शिकायला जाण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला तो फार अलीकडे.

भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी तेथे येऊन गेले. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशी मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीत जेवत. वसतिगृहाची पोटगी संपली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज ही ‘कमवा आणि शिका’ ह्या तत्त्वावरच उभी राहिली. १९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, तेही सवर्ण आणि अस्पृश्य मुलांच्या सहजीवनासाठी.

ह्या सर्व इतिहासात भाषणे ज्या गोष्टीवरून घाईने पुढे जातात ती ही : साताऱ्याच्या वसतिगृहात झाडणे, पाणी भरणे, स्वयंपाक करणे, शेत खणणे ही कामे गरिबांची म्हणून नव्हती. ती तिथे राहणाऱ्याची होती. पाटलाच्या मुलाने झाडायचे आणि महाराच्या मुलाने स्वयंपाकघरात शिरायचे. त्या काळात ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच अघटित होत्या, आणि दुसरी तर पहिलीहूनही अघटित. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त सांगितले. साताऱ्यातील मुले त्याच्या आधीपासूनच ती विभागणी दररोज सकाळी मोडीत होती. ‘स्वावलंबन’ ह्या शब्दाचा तिथला अर्थ स्वतःच्या फीचे पैसे स्वतः मिळवणे एवढा लहान नव्हता. आपली घाण दुसऱ्या जातीच्या माणसाने काढावी ही अपेक्षा सोडून देणे, हा त्याचा खरा अर्थ होता.

आता आजची योजना पाहा. पुणे विद्यापीठाच्या योजनेला भाऊरावांचेच नाव आहे. नगर, नाशिक आणि पुणे ह्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत ती चालते, आणि तिच्यामुळे हजारो मुलांची जेवणाची सोय झाली आहे, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः तिच्यावर जगलो आहे. पण तिच्यात प्रवेश मिळतो तो गरज दाखवून. उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे ‘जो राहतो तो करतो’ हे तत्त्व जाऊन ‘ज्याला नाही तो करतो’ हे तत्त्व आले. नाव तेच राहिले आणि आशय उलटा झाला. ‘कमवा व शिका’ मधील ‘व’ हा साताऱ्यात जोडणारा होता. आमच्यापर्यंत येईतो त्याचा ‘तर’ झाला. कमवाल तर शिकाल.

माझा अनुभव सांगतो. पुण्यातील एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही, ते कोणतेही असू शकले असते) पहिल्या वर्षाला मी योजनेत अर्ज केला. आमची यादी लागली. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा आणि मैदान अशा चार जागा. मैदान म्हणजे झाडलोट. मैदानाच्या यादीत आम्ही पाच जण होतो, आणि पाचांची आडनावे वाचली की आणखी काही विचारण्याची गरज नव्हती. बारावीला मला मराठीत वर्गात सर्वाधिक गुण होते म्हणून मी ग्रंथालय मागितले होते. मी लिपिकांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते, नेहमी आपुलकीने बोलत. ते म्हणाले, “अरे, ग्रंथालयातलं काम किचकट असतं. मैदानाचं तुम्हाला सवयीचं असेल ना?” त्यांना मला दुखवायचे नव्हते. दुखवायचे नसताना बोललेले वाक्य म्हणूनच मला ते विसरता येत नाही. माझी आई भातलावणीला लोकांच्या खाचरात रोजाने जाई. ‘सवय’ हा शब्द आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तो महाविद्यालयाच्या फाटकाशी थांबेल अशी माझी समजूत होती.

ह्या ठिकाणी एका परक्या पुस्तकाची आठवण होते. बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे आत्मचरित्र १९०१ साली प्रसिद्ध झाले. गुलामीत जन्मलेला हा मुलगा १८७२ मध्ये कित्येक मैल पायपीट करून व्हर्जिनियातील हॅम्प्टनच्या शाळेत पोहोचतो. त्याचा अवतार पाहून मुख्य शिक्षिका बराच वेळ काही ठरवीत नाहीत. मग शेजारची खोली झाडायला सांगतात. तो ती तीनदा झाडतो, चारदा पुसतो. बाई रुमालाने बाके, भिंती तपासतात. धुळीचा कण सापडत नाही, आणि त्याला प्रवेश मिळतो. राहण्याजेवणाच्या खर्चापोटी पुढे त्याला तिथेच इमारतीच्या राखणदारीचे, झाडलोटीचे काम मिळते. ती झाडलोट हीच आपली प्रवेशपरीक्षा होती, असे तो अभिमानाने लिहितो. पुढे १८८१ पासून अलाबामातील टस्कीगी येथे त्याने जी संस्था उभारली, तिच्या इमारतींच्या विटासुद्धा विद्यार्थ्यांनी भाजल्या.

आमच्या जयंतीच्या भाषणांतला मुलगा हा ह्या वॉशिंग्टनचा चुलतभाऊ शोभतो. त्याचे मोठेपण मला मान्य आहे. परंतु त्या खोलीत उभे राहून एक प्रश्न विचारावासा वाटतो : गोऱ्या मुलाला प्रवेश देताना कोणी त्याच्या हाती झाडू दिला असता काय? डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस ह्यांनी १९०३ मध्ये वॉशिंग्टनवर जी टीका केली, तिचा रोख इथेच होता. काळ्यांनी हातांचे शिक्षण घ्यावे, राजकीय हक्क आणि उच्च शिक्षण ह्यांचा आग्रह तूर्त सोडावा, ही तडजोड त्यांना अमान्य होती. द्यू बॉइस श्रमाला हलके मानत नव्हते. एका वर्णाच्या माणसांसाठी श्रम हेच शिक्षण ठरवून टाकण्याला त्यांचा विरोध होता. त्याच देशात केंटकीतील बेरिया कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागते, आणि एकेकाळी तिथे काळी-गोरी मुले एकत्र शिकत. १९०४ साली त्या राज्याने कायदा करून ते सहशिक्षण बंद पाडले आणि १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सर्वांनी मिळून काम करावे ह्याला कोणाची हरकत नव्हती. सर्वांनी एकत्र बसावे ह्याला होती.

आता आपल्या आत्मकथनांकडे वळू. ‘बलुतं’ (१९७८) हे नावच कमाईविषयी आहे. बलुते म्हणजे मजुरी नव्हे. वर्षभर गावकीची कामे करायची आणि सुगीत गाव देईल ते पदरात घ्यायचे, ह्या व्यवस्थेत श्रमाचा भाव श्रमिक ठरवीत नाही. किंबहुना तिथे भाव नसतोच, देणाऱ्याची मर्जी असते. दया पवारांनी निवेदनाची जी योजना केली आहे तीही ह्या संदर्भात पाहण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवाराला सांगतो. एक कष्टांत वाढलेला, दुसरा शिकलेला; देह एकच, पण दोघांना एकमेकांसमोर बसावे लागते. ‘कमवा’ आणि ‘शिका’ ही दोन क्रियापदे एका माणसात सुखाने नांदतात असे जयंतीची भाषणे गृहीत धरतात. ‘बलुतं’ ते गृहीत धरीत नाही.

शंकरराव खरातांचे ‘तराळ अंतराळ’ (१९८१) अधिक संयत आहे, काही वेळा फारच संयत. आटपाडीच्या तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ही कहाणी भाषणवाङ्मयाला आयती मिळण्यासारखी होती आणि तिने ती उचललीही. परंतु खरातांच्या लेखनात वडील विहिरीतले प्रेत काढण्यासाठी खाली उतरतात, तो प्रसंग वाचावा. ते काम गावकीचे म्हणून त्यांच्या माथी मारलेले आहे, त्याला नकार देण्याची सोय नाही. मुलगा ते पाहतो. कष्टांतून चारित्र्य घडते असे म्हणणाऱ्यांनी त्या विहिरीच्या काठावर क्षणभर उभे राहावे. महार वतन नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. वतन प्रत्यक्ष संपले ते १९५८ च्या कायद्याने, ते गेल्यानंतर. मोबदल्याशिवायचे, ठरवून दिलेले, नाकारता न येणारे काम म्हणजे काय, हे ज्या समाजाला इतक्या जवळून ठाऊक आहे, त्याच्या मुलाला श्रमप्रतिष्ठेचे धडे देताना वक्त्याने थोडे चाचरायला हवे.

प्र. ई. सोनकांबळ्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) आईवडिलांविना वाढणारा मुलगा बहिणीच्या आश्रयाने राहतो, पोटासाठी पडेल ते काम करतो आणि शिकतो. ह्या पुस्तकात काम आणि शिक्षण एकमेकांना बळ देत नाहीत, ती एकमेकांच्या वाट्याचा वेळ खातात. ते कमी वाचले जाते ह्याची मला खंत आहे. ह्या विषयावर मराठीत इतके खरे दुसरे लेखन क्वचितच असेल. सोनकांबळे आपल्या भुकेला सुविचार चिकटवीत नाहीत. पुढे हा मुलगा इंग्रजीचा प्राध्यापक झाला, पण आधीची उपासमार त्यामुळे ‘सार्थकी’ लागली असा सूर ते लावीत नाहीत.

आणि ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३). वडील गेल्यावर आई बांबूची आयदाने विणते आणि मुलांना शिकवते. इथे कमावणारी एक आणि शिकणारी दुसरी आहे. हे केवळ त्यांच्याच घरी नव्हते. आमच्या बहुतेकांच्या घरांत ‘कमवा’ हे आईसाठी होते आणि ‘शिका’ मुलासाठी. आई अंगठा उठवीत राहिली. बाबासाहेब परदेशी शिकत होते तेव्हा रमाईंनी इकडे कसा संसार ओढला, हे आपण गातो. त्यांच्या वाट्याचे ‘शिका’ कोणाकडे राहिले, हा प्रश्न मात्र गाण्यात येत नाही. योजनेतील मुलींविषयीही कोणी बोलत नाही. वेल्ह्याकडच्या मुलीला तास संपल्यावर दोन तास काम करायचे तर शेवटची एस.टी. चुकते, घरी पोहोचून तिला चूल पेटवायची असते, आणि त्या कामाचा तक्ता कोणी भरत नाही. त्यामुळे यादीत मुली कमी आणि ‘मुलींना गरज नसते’ हा निष्कर्ष तयार.

साताऱ्याखेरीज आपल्याकडे दुसराही एक नमुना आहे आणि जयंतीच्या भाषणांत तो येत नाही. बाबासाहेबांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीबरोबर दहा वर्षांच्या नोकरीचा करार पत्करावा लागला होता; लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले. शिक्षणासाठी कमाई म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून पुढील वर्षी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा वर्ग सकाळी भरविले, की दिवसा कचेरीत नोकरी करणाऱ्या मुलालाही शिकता यावे. ह्यातील फरक बारकाईने पाहा. इथे संस्था विद्यार्थ्याला काम देत नाही, त्याच्या कष्टांचे कौतुकही करीत नाही. ती आपले घड्याळ बदलते. मुलगा बाहेर पूर्ण पगारावर काम करतो आणि संस्थेत केवळ विद्यार्थी म्हणून येतो. साताऱ्याने काम सर्वांना वाटले. मुंबईने वेळ कामगाराच्या बाजूने वळविली. आज आपण दोन्ही सोडले आहे. काम गरिबांपुरते उरले आणि घड्याळ संस्थेचे.

ह्याचा प्रत्यय मला रोज येतो. आमच्या भागातील मुले आता महाविद्यालयातल्या मानधनावर अवलंबून नाहीत. ते पुरत नाही. (‘मानधन’ हा शब्दही मोठा सोयीचा आहे. त्यात मान आहे, पण किमान वेतन नाही.) शासनाची शिष्यवृत्ती मिळते, पण ती येते वर्ष सरल्यावर, खानावळवाला तोवर थांबत नाही. म्हणून मुले शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रात्रपाळीला जातात, खेड-शिवापूरच्या बाजूला हमरस्त्यावरच्या हॉटेलांत वाढपी म्हणून राबतात. सकाळच्या तासाला शेवटच्या बाकावर डोके टेकून झोपतात. मागे मी एकाला उठवून रागे भरलो. तो उभा राहिला, म्हणाला, “सर, हजेरी तेवढी मांडा.” त्याने दुसरे काही मागितले नाही. त्या दिवशी मी ‘आठवणींचे पक्षी’ शिकवीत होतो.

सध्या योजनेची यादी करण्याचे काम माझ्याकडे आहे. लेखणी आपल्या हाती आली की जुने हिशेब नीट करू, असे कधीतरी वाटले होते. मी पाळ्या लावल्या : ग्रंथालय, कार्यालय, मैदान, सर्वांनी आळीपाळीने. शिवाय योजनेत नसलेल्या मुलांनीही आठवड्यातून एक तास आपापला वर्ग झाडावा, अशी सूचना मांडली. पहिल्याच आठवड्यात एक बागायतदार पालक तावातावाने आले. त्यांचे म्हणणे मला अपेक्षित होते आणि त्याला उत्तरही माझ्याजवळ होते. साताऱ्याचा सगळा इतिहास मी त्यांना ऐकविला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पालक आले. आमच्याच समाजातले, नगरपालिकेत सफाई कामगार. ते बसायला तयार नव्हते. दाराशीच उभे राहिले. म्हणाले, “सर, तुमचं सगळं बरोबर असंल. सगळ्यांनी झाडायचं, मान्य. पण माझा पोरगा नका घेऊ त्यात. माझ्या हातातला झाडू त्याच्या हाती जाऊ नये म्हणून तर त्याला तुमच्याकडं घातलाय.”

मी त्यांना भाऊरावांचे सांगू लागलो. पाटलाचा मुलगाही झाडतो, तेव्हा झाडूची जात जाते, असे काहीतरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “पाटलाचा पोरगा कॉलेज संपल्यावर झाडणार हाय का?”

पुढच्या सत्राची यादी सोमवारी लावायची आहे. त्या मुलाचे नाव मी अजून कोणत्याच रकान्यात लिहिलेले नाही.